रेशीमकोषातून पतंग निघाले, अंडीही घातली, पण अळी काही निघेना! बी वांझ करून विकतात का?

तुतीकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात आमची दीड एकर तुती आहे, व्ही-१. बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या) जातीच्या रेशीमकिड्याचे पांढरे कोष घेतो. चॉकी सेंटरवरून (तिथे अंडी उबवून कोवळ्या अळ्या वाढवतात) दुसरा मोल्ट पास झालेल्या, म्हणजे दोनदा कात टाकलेल्या अळ्या आणायच्या, शेडमध्ये फांद्या टाकून वाढवायच्या आणि कोष बाजारात न्यायचे. अंडी आमच्या नजरेला कधी पडतच नाहीत.

दिवाळीच्या बॅचमधले वीस-बावीस टणक कोष मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी मागून घेतले आणि चपलांच्या खोक्यात ठेवले. बारा-तेरा दिवसांनी भल्या पहाटे खोक्यात फडफड सुरू. बघतो तर पांढरे पतंग. नर पंख थरथरवत गोल गोल नाचताहेत, मादी आपली जाडजूड पोट टेकवून जागच्या जागी. उडत कुणीच नाही. दिवसभर जोड्या लागल्या आणि रात्रीतून पेपरवर अंडी. एकेका मादीने चारशेच्या वर घातली असतील, मुलीने एक पुंज टाचणीने मोजला.

आता गंमत बघा. अंडी घातली तेव्हा पिवळी होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरीचशी लालसर, मग तपकिरी आणि शेवटी पाटीसारखी करडी झाली. थोडी पिवळीच राहिली आणि त्यांना खड्डा पडला. आज बाविसावा दिवस, एक अळी नाही. चॉकीवाले म्हणतात, अंडी दहा-अकरा दिवसांत फुटतात. बायको म्हणते, मेली सगळी, टाकून द्या. शेजारी म्हणतो, बी (म्हणजे अंडी) वांझ करूनच देतात, नाहीतर आपण दर बॅचला विकत कशाला घेऊ?

खरं काय ते कुणी सांगेल का? मुलगी रोज उठून खोकं उघडते हो.

निळू९९

शेजारी शंभर टक्के बरोबर. कापसाचं काय झालं आठवा. घरची सरकी पेरायचे आपले आजे. आता दरवर्षी पाकीट. रेशमातही तोच धंदा.

मनमौजी

वाचतोय. खोकं टाकू नका.

ग्रेनेजकाका

तुतीकाठी भाऊ, खोकं अजिबात टाकू नका. अंडी जिवंत आहेत. झोपली आहेत.

मी पस्तीस वर्षं ग्रेनेजमध्ये काढली (नव्या मंडळींसाठी: ग्रेनेज म्हणजे अंडीपुंज तयार करण्याचं केंद्र). तुमच्याच वर्णनात उत्तर आहे. जी पिवळी राहून चपटी झाली ती फळलेली नव्हती. ज्यांनी रंग बदलला ती फळली, तीन दिवसांत आत गर्भाची सुरुवात झाली आणि तिथेच थांबली. याला सुप्तावस्था म्हणायचं. बायव्होल्टाइन जात थंड मुलखातली. तिथे हिवाळ्यात तुतीला पान नसतं, त्या दिवसांत अळी निघाली तर खाणार काय? म्हणून अंडं थंडी भोगल्याशिवाय जागं होत नाही. नुसतं उबेत ठेवाल तर तसंच पडून राहील आणि शेवटी सुकेल.

मग चॉकी सेंटरवरची दहा-अकरा दिवसांत कशी फुटतात? कारण ती आम्ही झोपूच देत नाही. अंडी घालून वीसेक तास झाले की हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण, घनता १.०७५, तापमान ४६.१ अंश. त्यात पाचेक मिनिटं बुडवायची आणि वाहत्या पाण्यात आम्लाचा वास जाईपर्यंत धुवायची. तापमान अर्धा अंश इकडेतिकडे झालं तर साहेब ओरडायचे. नवीन पोराला वाटायचं, आम्लात घातली म्हणजे मेली. उलट त्या धक्क्याने झोप मोडते.

तुमच्या अंड्यांची ती वेळ टळून गेली. आता उपाय फ्रीजचा. बारीक भोकं पाडलेल्या डबीत पेपरसकट ठेवा. फ्रीजरमध्ये नको, खालच्या कप्प्यात, पाच अंशाच्या आसपास. अडीच-तीन महिने विसरून जा.

पण एक विचारतो, रागावू नका. अंडी घातल्यावर माद्यांचं काय केलंत?

तुतीकाठी

काका, जीव भांड्यात पडला. डबी फ्रीजमध्ये गेली, शेजारी लोणचं आहे.

माद्या चार-पाच दिवसांत मेल्या. मुलीने वहीत चिकटवायला म्हणून काड्यापेटीत ठेवल्यात. का हो?

ग्रेनेजकाका

पोरगी हुशार आहे. पेटी जपून ठेवा, कारण खाली सांगतो. आधी प्राध्यापक बाईंना बोलू द्या, त्या टायपताहेत असं दिसतंय.

प्रा_तेरडा

हो काका, टायपतेय. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. रेशीमकिडा हा माझा आवडता प्राणी, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

सुप्तावस्थेची खरी कमाल काकांनी सांगायची ठेवली. अंडं झोपणार की लगेच फुटणार, हे त्या अंड्याने ठरवलेलं नसतं. त्याच्या आईने ठरवलेलं असतं. आणि तेही आई पतंग असताना नाही, आई स्वतः अंड्यात असताना!

म्हणजे असं: बायव्होल्टाइनचं अंडं उबवताना २५ अंश तापमान आणि भरपूर उजेड मिळाला, तर त्यातून निघालेली मादी मोठी होऊन झोपणारी अंडी घालते. तेच अंडं १५ अंशांवर अंधारात उबवलं, तर तीच जात, तीच जनुकं, पण मादी लगेच फुटणारी अंडी घालते. चॉकी सेंटरवर अंडी २५ अंशाला, उजेडात उबवतात. तुमच्या खोक्यातल्या माद्यांच्या शरीरात "उन्हाळा चाललाय, पुढे हिवाळा येईल" ही नोंद तिथेच झाली. पुढे कोषात प्युपा असताना त्यांच्या अन्ननलिकेखाली असलेल्या चेतापेशींच्या गाठीतून २४ अमिनो आम्लांचं एक छोटं संप्रेरक रक्तात उतरलं आणि पोटातल्या कोवळ्या अंड्यांना झोपेची आज्ञा मिळाली. झोपेत अंडं आपल्यातलं ग्लायकोजेन मोडून सॉर्बिटॉल बनवतं आणि थंडी संपत आली की परत त्याचं ग्लायकोजेन करतं. करडा रंग येतो तो भोवतीच्या पातळ पापुद्र्यातल्या रंगद्रव्याने.

आईने उन्हाळा पाहिला म्हणून लेकरं हिवाळ्याची तयारी करतात. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

आपल्याकडच्या बहुवार (वर्षात अनेक पिढ्या होणाऱ्या) बंगाली निस्तारी किंवा प्युअर म्हैसूर जातींत हे नाटक नाही. त्यांना वर्षभर पान मिळतं, त्यांची अंडी सरळ फुटतात.

निळू९९

बाई, सगळं मान्य. पण मग फ्रीजमध्ये ठेवून शेतकऱ्याने स्वतःचं बी का करू नये? हे कुणी सांगत नाही. सांगणार पण नाही.

ग्रेनेजकाका

सांगतो की. निळूभाऊ, कापसाचं उदाहरण तुम्हीच दिलंत, तेच घेऊ. संकरित कापसाची सरकी ठेवली तर उगवत नाही का? उगवते. पण एक झाड कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं, बोंडं कशीही. वांझ नसतं ते, विस्कटलेलं असतं. इथेही तेच.

तुतीकाठींच्या शेडमध्ये बहुतेक दुहेरी संकर असणार. म्हणजे चार शुद्ध जाती. पहिल्या दोघींचा संकर एकीकडे, दुसऱ्या दोघींचा दुसरीकडे आणि त्या संकरांचा पुन्हा संकर. एक बाजू अंडाकृती कोषाची, दुसरी भुईमुगाच्या शेंगेसारखी कमरेत बारीक. एवढा उपद्व्याप का? शुद्ध जातीची मादी नाजूक, अंडी कमी घालते. संकरित मादी दणकट असते, बीजकोषाचं पीकही चांगलं येतं. शेतकऱ्याच्या शेडात येते ती सगळ्यात जोमदार पिढी. तिथून पुढे उतार.

प्रा_तेरडा

काकांच्या "विस्कटलेलं" या शब्दाला माझे दहा गुण. संकराच्या पहिल्या पिढीत प्रत्येक अळीला दोन्हीकडचे वेगवेगळे नमुने मिळतात. एकीकडचं कमजोर जनुक दुसरीकडच्या चांगल्याने झाकलं जातं, त्यातून तो जोम. भावंडांची आपसात जोडी लावली की दोन कमजोर नमुने एकाच अळीत भेटण्याची शक्यता एकदम वाढते. तुतीकाठींच्या खोक्यात नेमकं हेच झालंय, सगळे एकाच घरचे.

हे गणित रेशीमकिड्यात मांडलं ते तोयामा कामेतारो या जपानी संशोधकाने. सयामच्या (आजच्या थायलंडच्या) सरकारच्या नोकरीत असताना त्यांनी सयामी आणि जपानी जातींचे संकर केले आणि मेंडेलचे नियम रेशीमकिड्याला लागू पडतात हे १९०६ मध्ये छापलं. मेंडेलचं काम पुन्हा उजेडात येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. शेतकऱ्याला पहिल्या पिढीचं संकरित बी द्या, हा आग्रहही त्यांचाच. मक्याच्या संकरित बियाण्याचा एवढा गाजावाजा झाला, पण जपानच्या शेतकऱ्यांच्या घरी संकरित रेशीमकिडे त्याच्या कितीतरी आधी पोचले होते. निळूभाऊ, याला धंदा म्हणायचं तर म्हणा. शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

तुतीकाठी

पण विस्कटली तर विस्कटली. थोडं कमी पिकेल, बी फुकट मिळेल. हिशेब का जमू नये?

ग्रेनेजकाका

शेड तुम्ही चालवता, तुम्हीच सांगा. मोल्टवर बसलेल्या अळ्यांना पान टाकता का?

तुतीकाठी

नाही. चुना मारतो आणि सगळ्या पास होईपर्यंत थांबतो. ... हां. आलं लक्षात.

ग्रेनेजकाका

हेच. विस्कटलेल्या बॅचमध्ये अर्ध्या मोल्टवर आणि अर्ध्या खादाड. पान टाकलं तर बसलेल्या खाली दबतात, नाही टाकलं तर उठलेल्या उपाशी. चार मोल्ट, चार वेळा हाच घोळ. शेवटी चंद्रिकेवर (कोष विणायच्या जाळीवर) सोडायच्या वेळी काही पिकल्यात, काही अजून हिरव्या. पाचव्या अवस्थेत एकूण पाल्यातला ८० टक्क्यांच्या वर पाला उडतो, तेव्हा ही ओढाताण परवडत नाही. कोष लहान-मोठे आले की धागा काढणारा भाव पाडतो.

आता काड्यापेटीचं. पेब्रिन ऐकलंय? आईला झाला की अंड्यातून पोरांत जातो, वरून काहीच दिसत नाही. म्हणून ग्रेनेजमध्ये मादी अंडी घालून झाली की तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बीजाणू दिसला की ती अंडी जाळायची. "रोगमुक्त अंडीपुंज" हे नाव त्यावरून पडलं. आणि रेशीम मंडळाच्या कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाल्यापासून विक्रीसाठी अंडी करायला नोंदणी लागते, तीही याच भीतीपोटी. तुमची अंडी तपासलेली नाहीत. तपासणी होईपर्यंत ती शेडच्या आसपास नेऊ नका.

प्रा_तेरडा

मेलेल्या सुक्या पतंगांवरही तपासणी होते. पेटी घेऊन मुलीला आमच्या प्रयोगशाळेत आणा, पत्ता निरोपात कळवते. पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात पतंग खलायचा, थेंब काचेवर, साधारण ६०० पट मोठं करून बघायचं. पेब्रिनचे बीजाणू लंबगोल, चकचकीत, तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात.

ही पद्धत पाश्चरची. १८६५ मध्ये फ्रान्समधली रेशीमशेती पेब्रिनने बुडत होती, तेव्हा त्याला आलेस गावी धाडलं. तोवर त्याने रेशीमकिडा हातात धरलेला नव्हता. सुरुवातीला तो चुकलाच, बीजाणू हा रोगाचा परिणाम आहे असं धरून बसला. पण आई तपासा, मगच अंडी ठेवा ही रीत त्याने घालून दिली आणि ती टिकली.

इरकली_काठ

मस्त चाललाय धागा. मी पुण्याची, साड्यांची वेडी. एक बाळबोध प्रश्न: म्हैसूरकडे बाजारात पिवळेधम्मक कोष पाहिले होते. माझ्या आजीच्या पैठणीचा पिवळा पदर तसल्या कोषांचा असेल का?

प्रा_तेरडा

ताई, नाही. कोषाचा पिवळेपणा असतो सेरिसिनमध्ये, म्हणजे धाग्यावरच्या डिंकासारख्या थरात. कोषात हा डिंक पाव हिस्सा तरी असतो. साबण-सोड्यात सूत उकळलं की डिंक जातो, रंगही जातो. आतलं फायब्रॉइन, म्हणजे खरा रेशीमधागा, पांढरंच. आजीच्या पदराचा रंग रंगाऱ्याचा.

पण पिवळ्या कोषात फार सुंदर आनुवंशिकी आहे. रंग अळी स्वतः बनवत नाही, तो तुतीच्या पानातला. गाजरात असतो त्याच कुळातला. पान सगळ्याच अळ्या खातात, मग काहींचा कोष पांढरा का? रंगाला वाटेत दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं आतड्यातून रक्तात जायचं. तिथलं जनुक चालू असेल तर अळीचं रक्तही पिवळं दिसतं, पोटाखालचा पाय टोचून बघा. दुसरं दार रक्तातून रेशीमग्रंथीत जायचं. कुठलंही एक दार बंद असलं की कोष पांढरा.

आता कोडं. एका पांढऱ्या जातीचं पहिलं दार बंद, दुसऱ्या पांढऱ्या जातीचं दुसरं. दोघींचा संकर केला तर?

मनमौजी

पिवळा!! एकीने एक किल्ली दिली, दुसरीने दुसरी.

प्रा_तेरडा

बरोब्बर. गोऱ्या-गोऱ्या आईबापांना पिवळं पोर. पूर्वीचा शेतकरी म्हणाला असता, बी बदललं.

कोकणातला_गणू

अवांतर: नर इतके नाचतात का? आणि उडत का नाहीत?

ग्रेनेजकाका

मादीच्या शेपटाकडून वास सुटतो म्हणून. ग्रेनेजमध्ये नरांच्या ट्रेजवळ मादीचा ट्रे नेला की सगळा ट्रे थरथरतो, आवाज येतो अक्षरशः. उडणं पाच हजार वर्षांच्या पाळीव जिण्यात गेलं. तोंडही कामाचं नाही, पतंग काही खात नाही.

प्रा_तेरडा

त्या वासाचं नाव बॉम्बिकॉल. बुटेनांट या जर्मन रसायनज्ञाने पाचेक लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा करून तो वेगळा काढला, १९५९ मध्ये. कामगंध म्हणून ओळख पटलेला तो पहिला पदार्थ. तुम्ही बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे लावता ना, त्यांचा मूळपुरुष हा रेशीमकिडा.

निळू९९

बाई, कापूस निघालाच आहे तर: बीटीचा आणि रेशमाचा काही संबंध आहे का? आमच्याकडे म्हणतात की बीटीची फवारणी तुतीवर उडाली की बॅच जाते.

प्रा_तेरडा

अगदी बरोबर म्हणतात, आणि संबंध जवळचा आहे. बीटी हा जिवाणू पहिल्यांदा सापडला तोच मेलेल्या रेशीमकिड्यात! जपानमध्ये, १९०१ साली, इशिवाता यांना. अळ्या अचानक लुळ्या पडून मरायच्या. "थुरिंजिएन्सिस" हे नाव नंतर १९१५ पासूनचं, जर्मनीतल्या थुरिंगियावरून. बोंडअळी काय, रेशीमकिडा काय, दोघं पतंगवर्गातलेच. त्या विषाला भेद कळत नाही. बीटी पावडरचा फवारा तुतीपासून लांबच ठेवा.

याच इशिवातांच्या नावाने मादी अळीच्या पोटाखालचे ठिपके ओळखले जातात, पाचव्या अवस्थेत त्यावरून नर-मादी निवडता येतात. पण डोळे फुटतात. म्हणून जपान्यांनी एक युक्ती केली. रेशीमकिड्यात माणसाच्या उलट असतं: नराची लिंगगुणसूत्रं दोन सारखी, झेड-झेड. मादीची वेगळी, झेड-डब्ल्यू. डब्ल्यू फक्त आईकडून लेकीला जातं. अंगावर खुणा उठवणारा जनुकाचा तुकडा किरणांनी तोडून डब्ल्यूला चिकटवला. झालं, मादी अळी नक्षीची आणि नर कोरा. लांबून निवडा. संकर करताना एका जातीचे फक्त नर आणि दुसरीच्या फक्त माद्या लागतात, तिथे ही सोय सोन्यासारखी. गंमत म्हणजे डब्ल्यूवर मादी ठरवणारं नेहमीसारखं प्रथिनाचं जनुक सापडेचना. २०१४ मध्ये कळलं की तिथून एक अगदी छोटा आरएनए निघतो आणि तो नर घडवणाऱ्या जनुकाचा संदेश कापून टाकतो. मादी होणं म्हणजे इथे नराला गप्प बसवणं.

इरकली_काठ

शेवटच्या वाक्यावर नवऱ्याला बोलावून दाखवलं :)

तुतीकाठी

काल कॉलेजात जाऊन आलो. अकरा माद्या तपासल्या, एकीतही बीजाणू नाही. मुलीने स्वतः भिंगात पाहिलं आणि वहीत काढलं. बाईंनी दुसऱ्या एका जुन्या काचेवरचा पेब्रिन दाखवला, तांदूळच! आता फेब्रुवारीपर्यंत थांबतो.

तुतीकाठी

(धागा वर आणतोय.)

मंडळी, डबी काढली! काकांनी निरोपात सांगितल्याप्रमाणे दोन-तीन दिवस थंड जागी आणि मग खोलीत, खाली ओलं फडकं ठेवून. आठव्या-नवव्या दिवशी प्रत्येक अंड्यात टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. काका म्हणाले ते डोकं. दुसऱ्या दिवशी अंडी निळसर झाली, तेव्हा काळ्या कापडात गुंडाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला कापड काढून खिडकीत ठेवली. नऊपर्यंत पेपर काळ्या मुंग्यांसारख्या अळ्यांनी भरला. मुलगी शाळेत गेलीच नाही.

तीनेकशे ठेवल्या, बाकीच्या काकांच्या सांगण्यावरून नष्ट केल्या. शेडपासून लांब, घराच्या माडीवर सुपात वाढवल्या. आणि अगदी काका म्हणाले तसंच! दुसऱ्या मोल्टपासूनच फाटाफूट. चौथ्याला तर काही अळ्या पास होऊन दोन दिवस खाऊन झाल्या, तरी काही डोकं वर करून बसलेल्याच. पहिला कोष आणि शेवटचा कोष यांत आठवडा गेला.

कोष टोपलीत ओतून बसलो. काही गोल, काही अंड्यासारखे, काही शेंगेसारखे कमरेचे, काही मधलेच. काही हाताला टणक, काही बोटाने दबतात. रंग मात्र सगळ्यांचा पांढरा. बाजारात नेले तर हसतील. शेजाऱ्याला बोलावून दाखवले. तो म्हणाला, "वांझ नव्हतं म्हणायचं."

प्रा_तेरडा

वा! एक काम करायला सांगा मुलीला. कोष फोडून आतले प्युपे मोजा, नर किती आणि मादी किती. मादीच्या पोटाखाली शेपटाजवळ बारीक फुलीसारखी खूण असते, नराला नुसता ठिपका. आकाराचं तीनास एक असं प्रमाण मात्र शोधू नका, त्यात पुष्कळ जनुकांचा हात आहे. पण नर-मादी निम्मे-निम्मे यायला हवेत.

तुतीकाठी

बसलीय मोजत. ब्लेड मला धरायला लावलंय. आतापर्यंत सतरा फुल्या, एकवीस ठिपके.